मुलांच्या मोबाइलमधील वडपे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



"मुलगा सारखा मोबाइलमध्ये डोके घालून बसतो" ही तक्रार आपण सारेच करतो. पण तो तेथे काय लिहितो, काय दाखवितो, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे?

पाहा, करमणूक होईल. आपले वडपे मुंबई-नाशिक महामार्गावर. सभोवती गोदामे, पलीकडे भिवंडीचे यंत्रमाग. माजिवडा ते वडपे रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम निघाल्यापासून मुलांना विनोदासाठी विषय शोधावा लागलेला नाही. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये आमण्यापर्यंत खुला झाला. त्यावर एका मुलाने लिहिले, "नागपूर ते आमणे आठ तास, आमणे ते ठाणे, वडीलधाऱ्यांची दुआ!" दुसऱ्याने मागाच्या खटखटीवर ताल धरून स्वतःच्या गणिताच्या गुणांचे गाणे केले. हे वाया जाणे नव्हे. आपल्या काळी हेच हस्तलिखितात आणि भित्तिपत्रकात होत असे.

ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना स्नेहसंमेलनातील फिशपाँडही आठवत असतील. निनावी चिठ्ठी, कुणाची तरी टिंगल, सभागृहात हशा. चिठ्ठी संध्याकाळी केरात जाई. येथेच फरक आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस चोवीस तासांनी जाते म्हणून मुले निर्धास्त असतात. परंतु तेवढ्या वेळात कोणीही त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवू शकतो. सभागृहाला भिंती होत्या, याला नाहीत.

मुलांनो, रस्त्याची, कंटेनरची, स्वतःच्या गुणांची खुशाल थट्टा करा. परंतु वर्गभगिनीचा फोटो न विचारता घेऊन त्याखाली ओळ लिहिलीत, तर तुमचा हशा दोन मिनिटांचा आणि तिची शाळा कायमची बंद, असे घडू शकते. आणि पालकहो, हे घडविणारे हात बहुधा आपलेच असतात. थट्टा करणारा मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात बसतो आणि जिची थट्टा झाली ती घरी बसते, हा कुठला न्याय? असा प्रसंग आला तर मुलीचे दप्तर काढून घेऊ नका. मजकूर जपून ठेवा आणि शिक्षकांना भेटा. गरज पडल्यास १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे.

आणखी एक. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. खेड्यापाड्यांतील कितीतरी मुलामुलींनी तेथे मांडलेला खेळ एकाएकी मोडला. दुसऱ्याच्या फळ्यावर लिहिले की पुसण्याचा हक्कही दुसऱ्याकडेच राहतो. तेव्हा जे चांगले सुचते ते वहीतही उतरवून ठेवा.

व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिची माहिती वापरण्यास पालकांची संमती हवी असे ठरविले आहे. पण जे अब्बा मुलाचे एकही चित्र पाहत नाहीत, ते संमती कशाला देणार?

तेव्हा आज रात्री जेवणानंतर मुलाला वा मुलीला म्हणा, "तुझे सर्वांत गमतीचे काय आहे, ते दाखव." फोन हिसकावू नका, शेजारी बसा. विनोद कळला नाही तर समजावून सांगायला लावा.