शहाजोग हुंडी

'शहाजोगपणा' हा शब्द हल्लीं आपण साळसूदपणाच्या सोंगाला लावतों. परंतु पेढीवर 'शहाजोग' म्हणजे बाजारांत ज्याची पत आहे असा सावकार. शहाजोग हुंडीचे पैसे अशाच माणसास मिळत.

हुंडी लिहितांना सावधगिरी किती! शंभर रुपयांची असली तर 'निमे पन्नास, त्यांचे दुप्पट शंभर' असा खुलासा असे. एका आंकड्यांत कोणीं खोडसाळपणा केला तर दुसऱ्यानें तो उघडा पाडावा. एवढें करूनही हुंडी बनावट निघाली, तर ज्या सावकारानें पैसे उचलले त्यानेंच ते व्याजासह परत करावे, अशी वहिवाट होती. लबाडी दुसऱ्याची; भुर्दंड याला! म्हणून परक्याची हुंडी हातीं घेण्यापूर्वीं तो त्या माणसाची पारख करी. 'विश्वास ठेवा' असें नुसतें तोंडानें सांगणाऱ्याचें काय जातें?

1881 च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यानेंही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक वहिवाटीस हात लावला नाहीं. पैसे चुकते झाले, कीं त्या हुंडीस 'खोका' म्हणत. सावकाराची जोखीम मात्र तेवढ्यानें संपत नसे.