मासा खातो, तरी खंगतो

टाकीतला मासा नेमानं खातो, तरी पोट खपाटीला जातं, पाठ धारदार दिसू लागते. खंगणं हा एकच रोग नव्हे. ते अनेक रोगांचं लक्षण आहे.

आधी विष्ठा पाहा. ती पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल, तर आतड्यात सूक्ष्म परजीवी असू शकतात. त्यांवर मेट्रोनिडाझोल देतात. गुदद्वारातून लाल, केसासारखे जंत डोकावत असतील, तर लेव्हामिसोल. पट्टकृमींवर प्राझिक्वांटेल. खाद्यातून दिलेलं औषध थेट आतड्यात पोचतं. म्हणून मासा खातोय तोवरच उपचार सुरू करा. मात्रा पशुवैद्यांकडून ठरवून घ्या. त्यासाठी आपल्या इंदूरजवळ महूला 1955पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

कणा वाकला, अंगावर व्रण आले, तर माशांच्या क्षयाची शंका घ्या. त्यावर खात्रीचा उपचार नाही. त्याचे जंतू हाताच्या जखमेतून माणसाच्या त्वचेत शिरू शकतात. म्हणून टाकी साफ करताना हातमोजे घालाच.

आजारी मासा लगेच वेगळ्या टाकीत ठेवा. जाळी, नळीही वेगळी. आपल्याकडे इंदुरात जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी क्लोरीन घालून शुद्ध केलेलं असतं. ते क्लोरीन काढूनच टाकीत भरा. नवा मासा आणला, की चार आठवडे स्वतंत्र ठेवा. मुक्या जिवाला दुखणं सांगता येत नाही. ते आपल्या नजरेनंच ओळखायला हवं.