ताटी उघडणारा सोबती



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्यास आपण मला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. आयुष्यभर मराठी वाङ्मय शिकविलेल्या माणसाने तरुणांच्या मनःस्वास्थ्यावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी वैद्य नव्हे, मानसशास्त्रज्ञही नव्हे. तरीही हा विषय मी निवडला. तो मला प्रथम वाङ्मयात भेटला. पुढे वर्गात भेटला, तेव्हा मात्र मी त्यास ओळखले नाही.

मुक्ताबाईचे ताटीचे अभंग आपणांपैकी अनेकांनी याच शाळेत ऐकले असतील. परंपरा सांगते की, लोकनिंदेने व्यथित झालेले ज्ञानदेव झोपडीत शिरले आणि आतून ताटी लावून बसले. बाहेर उभी राहिली ती धाकटी बहीण. संन्याशाची पोरे म्हणून जी अवहेलना त्यांच्या वाट्याला आली, तीच तिच्याही वाट्याला आलेली होती. म्हणून तिच्या शब्दाला वजन होते. तिने विनविले, समजाविले. पण ताटी मोडली नाही. ती आतूनच उघडावी लागते, हे तिला ठाऊक होते. समवयस्कांच्या आधाराचे सारे मर्म मला या प्रसंगात दिसते.

आता वर्गातली गोष्ट. १९८७ साली माझा एक हुशार विद्यार्थी वर्गात येईनासा झाला. मी हजेरीपटावर लाल शेरा मारला आणि घरी पत्र धाडण्याची तंबी दिली. तो परीक्षेस बसलाच नाही. गाव सोडून गेला. कित्येक वर्षांनी त्याचा खोलीतला सोबती मला भेटला. म्हणाला, ‘‘सर, तीन महिने तो रात्र रात्र जागा असायचा. मला दिसत होतं. पण कुणाला सांगावं आणि काय सांगावं, तेच कळत नव्हतं.’’ त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे मला आजही ठाऊक नाही. ताटी लागली होती, बाहेर सोबतीही उभा होता. त्याला हाक कशी मारावी, हे मात्र कोणी शिकविले नव्हते. ती उणीव आम्हा वडीलधाऱ्यांची.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न पाहण्याजोगा आहे. मद्यासक्तांच्या परस्परसाहाय्याची चळवळ अमेरिकेत १९३५ साली सुरू झाली. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका सतरा वर्षांच्या मुलाने, ज्यांच्या घरी असे व्यसन आहे अशा मुलांसाठी निराळा गट काढला. ‘अॅलाटीन’ या नावाने तो पुढे देशोदेशी पसरला. त्याची घडण साधी आहे. सभा मुलेच चालवितात, प्रौढ व्यक्ती केवळ पाठीशी बसते. आणि तेथे जे बोलले जाते, ते तेथेच राहते. ‘माझ्याही घरी असेच घडते’, हे वाक्य समवयस्काच्या तोंडून ऐकले की मुलाची अर्धी लाज गळून पडते. हे वाक्य आम्ही शिक्षक कितीही सहृदय झालो तरी उच्चारू शकत नाही.

मग असे गट आपल्या बेळगावात शोधावे कोठे? वाटा आहेत. केंद्र शासनाने जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आरंभिला. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींमधूनच समवयस्क मार्गदर्शक निवडावेत, अशी त्यात योजना आहे. या वयासाठी सरकारी रुग्णालयांत जे दवाखाने योजिले, त्यांस कर्नाटकात ‘स्नेहा’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘मैत्री’. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेच्या साहाय्याने कर्नाटकाच्या युवा सबलीकरण व क्रीडा खात्याने २०१४ मध्येच ‘युवा स्पंदन’ हा उपक्रम हाती घेतला. प्रशिक्षित तरुणांनी तरुणांचे ऐकून घ्यावे, हा त्याचा गाभा. तेव्हा जिल्हा क्रीडांगणावर, प्राथमिक आरोग्य केंद्रात, महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यालयात स्वतः जाऊन चौकशी करावी. पाल्याला एकट्याला धाडू नये.

गट सापडला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. काही गोष्टी पारखून घ्याव्यात. प्रशिक्षित प्रौढ व्यक्ती पाठीशी आहे काय? बोललेले गुप्त राहते काय, आणि जिवाचा धोका दिसताच ती गुप्तता बाजूस सारण्याचा नियम आहे काय? डॉक्टरांची औषधे बंद करण्याचा सल्ला दिला जात नाही ना? नको वाटल्यास मुलाला सहज बाहेर पडता येते ना? दुःखितांचा मेळावा मार्गदर्शकाविना भरला, तर दुःख हलके होण्याऐवजी ते दाटतही जाते. सोबती हा वैद्याचा पर्याय नव्हे. तो वैद्याच्या दारापर्यंत नेणारा हात आहे. जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली, तर गटाच्या बैठकीची वाट पाहू नये. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी संस्था आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे.

शेवटी एक मागणे आहे. सीमाभागातील आपली मुले कार्यालयात एक भाषा बोलतात, परीक्षेत दुसरी लिहितात. कोणत्याही भाषेशी माझे वैर नाही. पण मन मोकळे होते ते ज्या भाषेत आईने थोपटले त्या भाषेत. आपल्या मराठी शाळांची पटसंख्या घटली, वर्ग रिकामे पडले, याचे दुःख आपण दरवर्षी करतो. त्यांतलाच एक वर्ग संस्थेने शनिवारी दुपारी मुलांना द्यावा. टेबल-खुर्ची काढून सतरंजी अंथरावी. माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर वा समुपदेशक असतील, त्यांनी पाठीशी बसावे आणि वरच्या वर्गांतील आठ-दहा मुलामुलींना ऐकण्याची कला शिकवावी. यास फार द्रव्य लागत नाही. सातत्य मात्र लागते.

१९८७ साली अशी एक खोली असती, तर तो खोलीतला सोबती तेथे आला असता, एवढे मी खात्रीने म्हणू शकतो. पुढचे कोणी सांगावे? परंतु हाक मारणारा मुका राहिला नसता.