हळव्या पोटाच्या कुत्र्याचे जेवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला एखाद्या घरगुती विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले. लोणची-पापडांवर बोलणाऱ्या माझ्याहून जाणत्या बायका येथे पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा ज्या गोष्टीने माझे डोके आणि माझा महिन्याचा हिशेब दोन्ही व्यापले होते, तिच्यावरच बोलावे असे ठरविले. ती गोष्ट म्हणजे कुत्र्याचे जेवण. हसू नका. आपल्या आळीत आज किती घरी कुत्रे आहे ते मोजून पाहा. त्यांतल्या तिघींनी तरी मला वाटेत थांबवून विचारले आहे की, "तुमच्या मोत्याचे पोट कसे हो सुधारले?" तिघींना एकदमच सांगते.

मोत्या आमच्याकडे चार वर्षांपूर्वी आला. धाकट्या दिरांची बदली झाली, तिकडच्या जागेत कुत्रे ठेवू देत नव्हते, म्हणून तो आमच्या अंगणात राहिला. साधे गावठी कुत्रे, वजन १५ किलो, स्वभावाने गरीब. पण पोट फार हळवे. आठवड्यातून चार दिवस जुलाब, मधूनच उलटी. पहाटे उठून आधी अंगण धुवावे, मग सडा घालावा, असा माझा क्रम होऊन बसला. दीड महिना असा गेल्यावर ह्यांनी सांगितले, "आणखी एक महिना बघू. नाही सुधारले तर कुठेतरी सोडून येऊ." ह्यांचेही फार चुकले असे नाही, घरात माणसे सात आणि मिळकत एक. पण सोडून येणे म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक आहे. घरात वाढलेले कुत्रे नाक्यावरच्या टोळीत किती दिवस टिकणार? म्हणून त्या महिन्यात जे काही करावयाचे ते नीट, मन लावून करावे असे मी ठरविले.

पहिली गोष्ट अशी की, पोट बिघडले म्हणजे अन्नच वाईट, असे धरून चालू नये. मी मोत्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरबाईंनी त्याची शी तपासावयास मागितली. तीत जंत निघाले. पोटात जंत असताना सोन्याच्या भावाचे अन्न घातले तरी ते अंगी लागत नाही. जंतांचे औषध फार महाग नाही. ते वजनाप्रमाणे देतात आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा द्यावे लागते. तेव्हा पिशवी विकत घेण्याआधी दवाखान्याची पायरी चढावी. यात पैसे वाचतात, जात नाहीत.

दुसरी गोष्ट, काय घालावे याआधी काय घालू नये ते पाहावे. आपल्याकडे कुत्र्याचे जेवण म्हणजे दूध-पोळी. सासूबाईंच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या तेच चालले होते, आणि त्या कुत्र्यांना काही झाले नाही असे त्या सांगत. काहींना होत नाही, हे खरे. पण डॉक्टरबाईंनी समजावून दिले की, पिल्लू असताना दुधातील साखर पचविण्याची जी ताकद असते, ती मोठेपणी बहुतेक कुत्र्यांत कमी होत जाते. ती साखर न पचता आतड्यात पुढे गेली की वारा धरतो आणि पातळ होते. सासूबाईंनी हे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग त्याचे दूध मलाच दे." त्या दिवसापासून मोत्याचे दूध बंद झाले.

दुधाबरोबर तूप, तळण आणि मसालेदार रस्सा हेही बंद करावेत. फार स्निग्ध खाऊन कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणे जिवावर बेतू शकते. कांदा आणि लसूण तर कच्चा असो वा शिजविलेला, कुत्र्याला विषच. त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होतात. चॉकलेटही देऊ नये. शिजविलेली हाडे ठिसूळ होतात आणि त्यांच्या टोकदार चिरफळ्या आतड्यात रुततात. म्हणजे आपल्या ताटातले उरलेले ते कुत्र्याला, हा जो हिशेब आपण स्वस्त म्हणून धरतो, तो हळव्या पोटाच्या कुत्र्याला फार महाग पडतो.

जंतांचे औषध झाल्यावर पहिले तीन दिवस डॉक्टरबाईंनी मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग आणि चमचाभर उकडलेला लाल भोपळा, एवढेच सांगितले. मीठ, फोडणी काही नाही. दिवसातून चार वेळा, थोडे थोडे. ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंड्याऐवजी कातडी काढून उकडलेली कोंबडी घ्यावी. आमच्या घरात सामिष शिजत नाही. तेव्हा अंडे अंगणातल्या लहान शेगडीवर, निराळ्या पातेलीत शिजू लागले. सासूबाईंची अट एकच होती, "माझ्या ओट्यावर नको."

पण मैत्रिणींनो, हे पथ्य दोन-चार दिवसांचे आहे, रोजचे जेवण नव्हे. नुसत्या भात-अंड्यावर किंवा भात-कोंबडीवर कुत्रे महिनोन्‌महिने ठेवले, तर त्याला चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि कित्येक जीवनसत्त्वे पुरेशी मिळत नाहीत. मांसात स्फुरद पुष्कळ आणि चुना अगदी थोडा असतो. घरी शिजवून पोसता येणारच नाही असे नाही. पण मग काय, किती आणि वरून कोणती पूड, हे डॉक्टरांकडून लिहून घेतले पाहिजे.

आम्हांला रोजचे अन्न पिशवीचेच सोयीचे पडले. दुकानदाराने सर्वांत महाग पिशवी पुढे केली. तिच्यावर गोजिरवाणे चित्र होते, आणि 'सेन्सिटिव्ह' असा मोठा शब्द होता. मी ती परत ठेवून दुसऱ्या चार पिशव्यांच्या मागच्या बाजू पाहिल्या. धाकट्या मुलीने बारीक इंग्रजी अक्षरे वाचून दाखविली. पुढची बाजू विकण्यासाठी असते, खरे बोलते ती मागची बाजू. तीवर काय पाहावे ते सांगते.

हे संपूर्ण आणि समतोल अन्न आहे असे स्पष्ट लिहिलेले असावे. नुसते 'खाऊ' किंवा 'पूरक' लिहिले असेल, तर त्यावर कुत्रे पोसता येत नाही. ते पिल्लासाठी आहे की वाढलेल्या कुत्र्यासाठी, तेही पाहावे. मग घटकांची यादी वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. यादी आखूड असावी, आणि मांस किंवा अंडी असा मुख्य पदार्थ शक्यतो एकच असावा. म्हणजे पुढे काही बाधले तर काय बाधले ते कळते. वाढलेल्या कुत्र्याच्या कोरड्या अन्नात, पाण्याचा अंश वगळून, निदान १८ टक्के प्रथिने आणि ५.५ टक्के स्निग्धांश असावा, असा अमेरिकेतील ॲफको या संस्थेचा दंडक आहे. हे झाले कमीत कमी. पण हळव्या पोटाला स्निग्धांश जितका जास्त तितका चांगला, असे मुळीच समजू नये.

'धान्य नाही' असे लिहिलेल्या पिशव्या हल्ली महाग मिळतात. त्यांचा मोह धरू नये. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले की, माणसाच्या सहवासात राहून कुत्रे लांडग्यापेक्षा पिष्ट अन्न पचविण्यास पुष्कळ अधिक समर्थ झाले आहे. म्हणजे आपल्या भाताशी त्याचे जुने नाते आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर २०१८ साली, धान्य नसलेले अन्न खाणाऱ्या काही कुत्र्यांत हृदयाचा विकार आढळल्यावरून सावध राहावयास सांगितले होते. पुढे २०२२ पर्यंत तपास चालूनही कारण नक्की ठरले नाही. पण त्यासाठी जादा पैसे का मोजावे? काही थोड्या कुत्र्यांना गहू, दूध किंवा कोंबडीही खरोखर सोसत नाही. तसा संशय आला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सुमारे आठ आठवडे तो पदार्थ पूर्ण वर्ज्य करून पाहावे लागते.

आता पैशाचे. किलोचा भाव पाहून फसू नये. रोजचा खर्च काढावा. हिशेबासाठी समजा, एक अन्न २२० रुपये किलो आहे आणि कुत्र्याला रोज २६५ ग्रॅम लागते. रोजचे ५८ रुपये ३० पैसे झाले. दुसरे २७० रुपये किलो. पण ते कसदार, म्हणून २१५ ग्रॅमच पुरते. रोजचे ५८ रुपये ५ पैसे झाले. किलोमागे ५० रुपये महाग दिसणारे अन्न रोजच्या खर्चात काकणभर स्वस्तच पडले! किती ग्रॅम द्यावे याचे कोष्टक पिशवीवर असते. तेवढे स्वयंपाकघरातल्या तराजूवर तोलूनच घालावे. मूठ आज मोठी पडते, उद्या लहान. आणि जास्त घातले तर चांगल्या अन्नानेही पातळ होते.

मोठे पोते किलोमागे स्वस्त पडते, पण तोंड उघडल्यावर त्यातील चरबी खवट होऊ लागते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. रोज २६५ ग्रॅमप्रमाणे १० किलो सुमारे ३८ दिवस पुरतात. २० किलोंचे पोते एका घरी अडीच महिने उघडे राहील. म्हणून मी आणि पलीकडच्या वाड्यातील वहिनी मिळून एक पोते आणतो, त्याच दिवशी निम्मे निम्मे घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो, आणि मुदतीची तारीख चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवितो. दुकानातून सुटे अन्न मात्र घेऊ नये. ते कधीचे आहे ते कळत नाही.

नवे अन्न एकदम सुरू करू नये. पहिले दोन दिवस तीन भाग जुने आणि एक भाग नवे, मग दोन दिवस निम्मे निम्मे, मग एक भाग जुने आणि तीन भाग नवे, आणि सातव्या दिवशी सर्व नवे. पोट फारच हळवे असेल तर दहा-बारा दिवस घ्यावेत. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून पिशवी बदलली, पुन्हा बदलली, असे केले की पोटाला स्वस्थता कधीच मिळत नाही. मी एका जुन्या वहीत रोज दोन ओळी लिहीत असे: किती घातले आणि शी कशी झाली. एकोणिसाव्या दिवशी प्रथम 'घट्ट' असा शब्द लिहिला. महिना भरला तेव्हा ती वही ह्यांच्या पुढे ठेवली. ह्यांनी पाने चाळली आणि म्हणाले, "ठीक आहे. राहू दे." त्यानंतर सोडून येण्याची भाषा आमच्या घरात झाली नाही.

एक सावधगिरी सांगते. शीमध्ये रक्त दिसले, उलट्या थांबेनात, कुत्रे पाणीही पिईना किंवा मलूल होऊन पडले, तर वही आणि भोपळा बाजूस ठेवून तडक दवाखाना गाठावा. पिल्लाच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नये. पार्व्होसारख्या रोगात तासातासाला महत्त्व असते. त्याची लस वेळेवर टोचून घ्यावी.

आता माझी खरी विनंती. मोत्याच्या जेवणात सर्वांत कठीण गेले ते अन्न निवडणे नव्हे, तर आळीतल्या प्रेमळ हातांना आवरणे. कोणी बिस्किट देते, कोणी शिळी पोळी, कोणी चिवड्याची मूठ. प्रत्येकीला वाटते, एवढ्याने काय होणार? पण पाच घरचे एवढे एवढे त्या एकाच पोटात जाते. मायेने द्यावयाचेच असेल, तर सर्वांनी मिळून दिलेले त्याच्या दिवसाच्या जेवणाच्या दहाव्या भागाहून अधिक होता कामा नये, आणि तेही घरच्या माणसाला विचारून द्यावे. गाजराचा उकडलेला लहान तुकडा त्याला पुरे होतो. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत तर हे अवश्य ध्यानात ठेवा, कारण चिवड्यात मनुका असतात. मुलांनाही हे समजावून सांगा. मुले ऐकतात, मोठ्यांनाच दोनदा सांगावे लागते.

आणि ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांनी पोते वाटून घेण्यासाठी मंडळाच्या फळ्यावर नाव लिहावे. धान्य आपण एकत्र आणतोच, तसे हेही करता येईल. मुक्या जनावराला आपले पोट दुखते असे सांगता येत नाही. ते आपण ओळखावयाचे, आणि खिशाला परवडेल अशा रीतीने त्याची सोय लावावयाची. हे बाईमाणसाला काही नवे नाही.