पाय कोणाचा घसरला?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादित केलं आहे.)



निमंत्रणपत्रिकेवर विषय छापून आला, तो वाचून घरून पहिला शेरा मिळाला : "बुटांच्या सोलवर तासभर? लोक उठून जातील." मी म्हटलं, उठून गेले तरी चालतील, जाताना पायाकडे बघून गेले म्हणजे झालं. (हशा)

मी आयुष्यभर कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. या काळात अपघाताच्या रजिस्टरात जे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा लिहिलं, ते म्हणजे 'पाय घसरून पडला'. आता हे वाक्य नीट ऐका. घसरला कोण, तर पाय. फरशी त्यात कुठेच नाही. मराठीत पाय घसरण्याचा दुसरा अर्थ तुम्हाला माहीतच आहे, अध्यक्षांसमोर तो सांगत नाही. पण दोन्ही अर्थांत दोष पायाच्या मालकाचाच. म्हणून माणूस आपटला की त्याला उठवायच्या आधी आपण विचारतो, "बघून चालता येत नाही का?" पडलेलासुद्धा ओशाळून हसतो आणि "काही नाही, काही नाही" म्हणत उठतो. हात मोडलेला असला तरी.

एक प्रसंग सांगतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. दिवस 21 जूनचा. 2015 पासून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस झाला, आणि आमच्याकडेही कँटीनच्या हॉलमध्ये सकाळी सातला कार्यक्रम ठरला. ही तारीख दिल्लीला सोयीची असेल, पण आपल्याकडे ती ऐन पावसाच्या तोंडावर येते. मुंबईत मॉन्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीखच 11 जून आहे. म्हणजे दहा दिवसांचा चिखल घेऊन माणसं योगासनांना येणार. टी-शर्टांची मापं आठ दिवस आधी घेतली होती. पायात काय घालून यायचं, हे कोणी विचारलं नाही, मीही नाही. प्रमुख पाहुणे येणार म्हणून हाऊसकीपिंगच्या मावशींनी पावणेसातला हॉल पुन्हा एकदा पुसून घेतला. लिक्विड सोप नेहमीपेक्षा जरा जास्तच घातला असावा, वास येत होता. फरशी अशी चकचकत होती की ट्यूबलाइट मोजून घ्याव्यात.

सूर्यनमस्कार व्यवस्थित झाले. चटईवर कोणाला काही झालं नाही. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की शेवटी थोडी गंमत हवी, म्हणून रस्सीखेच. लोकांनी घाईघाईने पायात बूट सरकवले. स्टोअरमधले आमचे एक सहकारी फॉर्मल बुटात होते. चामड्यासारखा दिसणारा कडक सोल, टाच झिजून गोल झालेली. ते दोरीच्या टोकाला उभे राहिले, टाच रोवायला गेले, आणि पाय पुढे, माणूस मागे. मागे टेकवलेल्या हाताचं मनगट गेलं.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 32 मला पाठ होतं. जमीन, पायऱ्या आणि जाण्यायेण्याच्या वाटा घसरण्याजोग्या पदार्थांपासून मोकळ्या ठेवायच्या, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ती जबाबदारी कारखान्याची, म्हणजे त्या दिवशी काही अंशी माझीच. तरी पेन गेलं ते त्या माणसाच्या पायाकडे. आज इथे बोलायला उभा राहिलो त्याचं खरं कारण तो रकाना आहे.

तर घसरतं काय? हे बघा, मी घरून एक टाइल आणलीय. व्हिट्रिफाइड, आपल्या सगळ्यांच्या हॉलमध्ये असते तीच. हा बूट, यात वाळू भरून वजन बरोबर दोन किलो केलंय. आणि हा ताणकाटा. काटा एक किलोवर आल्यावर बूट हलला, तर एक भागिले दोन, घर्षणांक 0.5. गणित एवढंच. पहिल्या रांगेतल्या काकांनी काटा वाचावा. कोरड्या टाइलवर... वाचला? आता याच टाइलवर साबणाचं पाणी ओततो. बूट तोच, वजन तेच, ओढणारा मीच. काटा निम्म्याच्याही खाली आला. बूट काही निष्काळजी झाला नाही ना? (हशा)

सोल आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा एक पातळ पापुद्रा अडकतो. तो बाहेर पडेपर्यंत पाय फरशीला लागतच नाही, पाण्यावर तरंगतो. पावसात वेगात मोटार जाते तेव्हा टायरचं हेच होतं. चालताना तर आणखी एक भानगड आहे. पाऊल पडतं तेव्हा आधी टेकते ती टाचेची फक्त मागची कड, बोटभर रुंद. सगळं वजन त्या कडेवर येत असतं आणि पाय अजून पुढे सरकत असतो. टाच निसटते ती याच क्षणी, म्हणून घसरणारा माणूस मागे पडतो. अडखळणारा पुढे पडतो. जखम कुठे झाली यावरून तो घसरला की अडखळला, हे आम्ही पुष्कळदा ओळखायचो.

सोलवरच्या खाचा या पापुद्र्याला वाट देण्यासाठी असतात. नक्षी म्हणून नव्हेत. अमेरिकेत जॉन साइप नावाच्या माणसाने 1923 मध्ये रबराला बारीक चिरा देण्याचं पेटंट घेतलं. असं सांगतात की तो कत्तलखान्यात कामाला होता, ओल्या जमिनीवर घसरून कंटाळला आणि सुरीने आपल्याच बुटांच्या सोलवर चिरा पाडल्या. गोष्ट दंतकथा असेलही, पेटंट खरं आहे. आज टायरवरच्या बारीक चिरांना त्याच्याच नावावरून साइप म्हणतात. आणि त्याच 1923 साली जपानमध्ये शोजिरो इशिबाशी या माणसाने कापडी मोज्यासारख्या 'ताबी'ला रबरी सोल लावून बाजारात आणला. तोवर खाणीतले मजूर गवताच्या वहाणा घालून उतरायचे, त्या ओल्या जागी धड टिकत नसत आणि धरतही नसत. पुढे 1931 मध्ये याच इशिबाशींनी टायरची कंपनी काढली. इशी म्हणजे दगड, बाशी म्हणजे पूल. उलटं करून इंग्रजीत घेतलं आणि झालं ब्रिजस्टोन. मजुराचा पाय आणि मोटारीचं चाक यांची ही सोयरीक मला फार आवडते. तिथेच 1928 मध्ये रेडिओवर सकाळचा व्यायाम सुरू झाला. तो आजही जपानी कारखान्यांत कामाआधी करतात, कामाच्याच कपड्यांत, कामाच्याच बुटांत. वेगळा टी-शर्ट नाही.

आपल्याकडे काय बदललं, तर जमीन. सारवलेली जमीन, मग शहाबादी फरशी. शहाबादीचा खरखरीतपणा ओल्या पायालाही धरायचा. मग मोझेक आलं, आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत या आरशासारख्या टाइल्स. पाय तोच राहिला. कोकणातला माणूस शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवर अनवाणी, बोटं रोवून, अंग किंचित पुढे टाकून उतरतो. तोच माणूस ठाण्याच्या ऑफिसच्या लॉबीत आपटतो, कारण तिथे बोटं बुटात कोंडलेली असतात आणि 'निसरडं आहे' हे सांगायला शेवाळाचा हिरवा रंगही नसतो.

आता बूट घ्यायचा कसा? 'नॉन-स्लिप' हा शब्द दुकानदार कुठल्याही डब्यावर चिकटवतो. सेफ्टी शूजच्या बाबतीत मात्र खरी परीक्षा आहे. आयएसओ 20345 या मानकाच्या 2011 च्या आवृत्तीत बूट साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या सिरॅमिक टाइलवर ओढायचे. सपाट टेकवून किमान 0.32, टाचेवर किमान 0.28 आला, तर एसआरए. ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर पास झाला तर एसआरबी, दोन्हीकडे पास झाला तर एसआरसी. 2022 च्या आवृत्तीत ही अक्षरं गेली. साबणाच्या पाण्याची परीक्षा सगळ्यांनाच सक्तीची झाली, आणि ग्लिसरीनचीही दिली तर 'एसआर' लिहितात. पण मंडळी, ही परीक्षा नव्या बुटाची असते. दोन वर्षं वापरलेला बूट पुन्हा परीक्षेला कोणी बसवत नाही.

ती तुम्ही घरी घ्या. सोलला अंगठ्याचं नख दाबा. किंचित रुतलं पाहिजे. दगडासारखं लागलं तर रबर म्हातारं झालंय, खाचा कितीही खोल दिसोत. मग टाचेची मागची कड बघा. तिथे खाचा पुसून गुळगुळीत चकती झाली असेल, तर बाकीचा सोल नवा असून उपयोग नाही, कारण मघाशी म्हटलं तसं आधी टेकते ती हीच कड. फोमच्या हलक्या चपला झिजल्यावर ओल्या टाइलवर काय करतात, ते बाथरूममध्ये पडलेल्यांना विचारा. आणि कोल्हापुरी कितीही देखणी असली तरी पावसाळ्यात, पॉलिश केलेल्या जमिनीवर तिला नेऊ नये. तिचाही अपमान आणि आपलाही.

पण जितकी पकड जास्त तितकं चांगलं, असं समजून इथून जाऊ नका. ऑफिसात हल्ली झुंबा असतो, नवरात्रात गरबा असतो. तिथे गिरकी घ्यायची असते. सोलने फरशी घट्ट धरली, अंग फिरलं आणि पाय फिरला नाही, तर मधे सापडतो गुडघा. धावायचे खोल खाचांचे बूट घालून नाचणाऱ्यांना मी गुडघा धरून बसलेलं पाहिलंय. तिथे जरा सपाट सोल बरा, जमीन मात्र ठणठणीत कोरडी. योगासनांना अनवाणी, आणि मोजे काढूनच. टाइलवर सुती मोजे म्हणजे घसरगुंडी. बॅडमिंटन किंवा टेबल टेनिसला तो मेणचट पिवळा गम सोल उत्तम, पण धूळ बसली की तो निकामी. म्हणून खेळाडू मधूनमधून ओल्या फडक्यावर पाय पुसतात. कबड्डी मातीतून मॅटवर गेली तेव्हा अनवाणी खेळणाऱ्या आपल्या पोरांना बूट घालावे लागले, तसंच हे. जमीन बदलली की पायातलं बदलायचं.

आणि ते पावसाळी ट्रेक. कंपनी बस करते आणि जुलैत पन्नास जणांना लोहगडाच्या पायऱ्यांवर सोडते. जिमचे पांढरे, गुळगुळीत सोलचे बूट, खाली ओला काळा पाषाण आणि त्यावर शेवाळ. सह्याद्रीत हिंडणारी मंडळी स्वस्तातले हंटर शूज घालून पुढे निघून जातात आणि महागड्या बुटातले साहेब बसत बसत उतरतात. (हशा)

एक गोष्ट राहिली, ती बोचते. वेलनेसची बैठक होते तेव्हा टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांकडे स्पोर्ट्स शूज असतात. कंत्राटी कामगार त्याच रस्सीखेचीत स्लिपर घालून उतरतो, नाहीतर जड सेफ्टी शूज घालून. आणि ज्या मावशी पावणेसातला फरशी पुसत होत्या, त्यांच्या पायात निळ्या पट्ट्याची, तळ कागदासारखा झिजलेली चप्पल होती. अख्ख्या इमारतीत ओल्या जमिनीवर रोज सगळ्यांत जास्त चालणारी बाई ती. तिला टी-शर्टही मिळाला नव्हता. मी पुढच्या वर्षी टी-शर्टाचे पैसे बुटांकडे वळवावेत असं पत्र दिलं. टी-शर्टावर कंपनीचं नाव छापता येतं, सोलवर छापलं तर दिसत नाही, असं मला हसत हसत सांगण्यात आलं. अर्धे पैसे मिळाले. त्यातून हाऊसकीपिंगच्या अकरा जणींना बूट आले, आणि हॉल पुसायची वेळ आदल्या संध्याकाळवर गेली.

स्टोअरमधल्या त्या सहकाऱ्यांचं मनगट दीड महिन्याने प्लॅस्टरमधून निघालं. अहवालातलं ते वाक्य मी नंतर खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'ओली, साबण राहिलेली फरशी. कडक, झिजलेला सोल. आयोजकांनी पादत्राणाची सूचना दिली नाही.' आयोजकांत माझं नाव तिसरं होतं.

बोलणं लांबलं. आता अध्यक्ष समारोप करतील. त्यांना एवढीच विनंती, उठताना उजवीकडून यावं. मघाचं साबणाचं पाणी टाइलवरून ओघळून इथे डाव्या बाजूला आलंय, आणि फडकं अजून पोचलेलं नाही.