बंबवाल्याचे हात

चौदा एप्रिल म्हटले की आपल्या गावोगावी निळे झेंडे लागतात, बाबासाहेबांची मिरवणूक निघते. त्याच दिवशी, जेथे जेथे आगीचा बंब आहे तेथे, आणखी एक लहानसा समारंभ होतो. खाकी गणवेशातले जवान रांगेने उभे राहतात, फुले वाहतात, काही क्षण स्तब्ध राहतात. तेथून अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. पुष्कळांना हे ठाऊक नसते. मलाही चाळिशीपर्यंत नव्हते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. पोटात कापसाच्या गासड्या आणि त्यांच्या सोबतीला सुमारे चौदाशे टन दारूगोळा! महायुद्धाचे दिवस, असला संसार एकत्र मांडताना कोणी फार विचार केला नाही. दुपारी गासड्यांतून धूर दिसला. मुंबईचे बंबवाले धावले आणि पाणी मारीत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटले, आणि अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. त्या दिवशी अग्निशमन दलाची ६६ माणसे मेली, ८३ जखमी झाली.

मेलेल्यांना आपण दरसाल वंदन करतो, आणि ते योग्यच आहे. माझे मन अडते ते दुसऱ्या आकड्यापाशी. जखमी माणूस इस्पितळात जातो, तेथून घरी जातो, आणि घरी गेला की आपल्या आठवणीतूनही जातो. आज मी बोलणार आहे ते त्याच्याविषयी.

माझा एक जुना विद्यार्थी एका नगरपालिकेच्या बंबावर नोकरीला होता. त्याचे नाव सांगत नाही, गावही नाही. एका उन्हाळ्यात तेथल्या जिनिंगमध्ये आग लागली. कापसाची आग लबाड असते, हे तुमच्यापैकी कापूसवाल्यांना सांगायला नको. वरून विझल्यासारखी दिसते आणि गासडीच्या पोटात धुमसत राहते. विझली असे समजून हा गासड्या ओढून अलग करू लागला. आतल्या निखाऱ्याला वारा मिळाला, भपका उडाला. दोन्ही हातांच्या पाठी आणि मान भाजली.

तीन महिन्यांनी पट्ट्या सुटल्या. लोक पेढे घेऊन भेटून गेले, ‘बरा झालास’ म्हणाले. मीही गेलो होतो, पेढे घेऊनच. दारातून निघताना त्याची बायको मागून आली आणि हळूच म्हणाली, “सर, जखम भरली म्हणतात सगळे. मग ह्यांची मूठ का मिटत नाही? शर्टाची गुंडी मी लावते.”

ही गोष्ट आपल्याला कोणी नीट सांगत नाही. भाजलेली जखम भरते म्हणजे संपत नाही. नवी कातडी जाड होते, आकसते आणि सांध्याला ओढून धरते. हाताच्या पाठीची कातडी मुळातच पातळ. ती आकसली की बोटे वाकत नाहीत. म्हणून रोज व्यायाम करावा लागतो, आणि तो दुखतो. रात्री हात फळीसारख्या आधाराला बांधून निजावे लागते. दाब देणारे घट्ट हातमोजे दिवसातले तेवीस तास, तेही महिनोन्महिने घालावे लागतात. वैशाखात ते काय होत असेल, याची कल्पना करा. खाज तर अशी की झोप लागत नाही. शेजारी मात्र म्हणतात, “आता दिसायला तर बरा दिसतो!”

लढाई आग विझल्यावरच सुरू होते, याचा मोठा दाखला मुंबईने २०१५ साली पाहिला. ९ मे रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या इमारतीच्या आगीत दलाचे दोन अधिकारी जागीच गेले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि त्यांचे सहकारी सुधीर अमीन भाजून बाहेर आले. ऐरोलीच्या बर्न्स सेंटरमध्ये शर्थ झाली; पण दोघेही त्याच महिन्यात गेले. कातडी अंगातले पाणी राखते आणि जंतूंना बाहेर ठेवते. ती गेली की माणूस उघड्यावर पडतो. अशा वेळी मृताच्या शरीरावरून घेतलेला कातडीचा पातळ पापुद्रा तात्पुरत्या पांघरुणासारखा लावतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ती द्यावी लागते. रक्तगट जुळण्याची गरज नसते, देहही विद्रूप होत नाही. मुंबईत शीवच्या इस्पितळात २००० सालापासून अशी त्वचापेढी आहे. नेत्रदानाचे आपल्याकडे पुष्कळांनी ऐकले आहे. याविषयी शिक्षकांनी वर्गात एकदा तरी बोलावे.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे येतो. शरीराचे दुखणे एक आणि कागदाचे दुसरे. रजा संपली, पगार अर्धा झाला. चौकशी केली तेव्हा कळले, त्या दिवसाच्या नोंदवहीत दोनच शब्द आहेत : ‘किरकोळ भाजले’. लिहिणाऱ्याने ते गडबडीत लिहिले असतील, मी त्याला दुष्ट म्हणत नाही. पण त्या दोन शब्दांनी याचे दीड वर्ष खाल्ले.

मी मराठीचा एम. ए. अर्जलेखन हा मी आजवर व्याकरणाच्या पुस्तकातला शेवटचा, कंटाळवाणा धडा समजत होतो. त्याच्यासाठी अर्ज लिहायला बसलो तेव्हा कायदाही थोडा वाचावा लागला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने अग्निशमन दलातल्या नोकरीचा उल्लेख आपल्या यादीत केला होता. ती तरतूद आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे. त्यात अवयवांचा तक्ताच आहे. एक अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्के गेली, असे धरतात. एकलव्याला विचारले असते तर त्याने हा आकडा कबूल केला नसता! असो, काही नसण्यापेक्षा तक्ता बरा.

याहून मोलाचा मला २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा वाटला. सरकारी किंवा नगरपालिकेसारख्या संस्थेच्या नोकरीत असताना माणसाला अपंगत्व आले, तर त्याला काढून टाकता येत नाही, खालच्या पदावर उतरवता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यायचे. तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत, नाहीतर निवृत्तीपर्यंत, जादा पद काढून त्यावर ठेवायचे. त्या कचेरीत हे कलम कोणाला ठाऊक नव्हते, असे मला वाटत नाही. मागणारे कोणी नव्हते, एवढेच.

गुरुजनहो, खेड्यात अर्ज कोण लिहून देतो? तुम्हीच देता. तेव्हा अशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी पाहा : आगीची वेळ, ठिकाण, कोणत्या कामावर असताना भाजले, कोणता अवयव, किती, हे सारे लिहिले गेले का. दवाखान्याचा पहिला कागद जपून ठेवायला सांगा. आणि मग जखमी माणसाकडे एकदा जाऊन थांबू नका. सहाव्या महिन्यात जा. पेढे नेऊ नका. इस्पितळाच्या फेरीला सोबत जा, त्याच्या घरच्या माणसाला एक दिवस विसावा द्या. भाजलेल्याला अंडी, डाळ, दूध भरपूर लागते, ते न्या.

आपल्या गावचीही एक गोष्ट बोलतो. उसाला किंवा कडब्याच्या गंजीला आग लागली की बंब तालुक्याहून यायचा. त्याला वेळ लागतो. तोवर बादल्या घेऊन धावतात ती आपलीच पोरे, अनवाणी आणि उघड्या हातांनी. त्यांच्यासाठी ना नोंदवही, ना तक्ता. त्यातले कोणी भाजले तर आधी वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. हळद, तेल, टूथपेस्ट काही लावू नका. मग औषधाच्या खर्चासाठी वर्गणी काढताना देवळाच्या वर्गणीइतकीच घाई करा. आणि बंब उशिरा आला म्हणून त्यावर दगड मारू नका. त्यातल्या माणसाने रस्ता लांब केलेला नसतो.

माझ्या विद्यार्थ्याचे काम शेवटी झाले. मागचा पगार मिळाला, आणि त्याला बंबखान्यातच टेलिफोनवर बसवले. मूठ आता निम्मी मिटते. लेखणी जाड लागते, म्हणून त्याने तिला कापडाची पट्टी गुंडाळली आहे. मागच्या दिवाळीत मी सहज गेलो होतो. फोन वाजला. काय पेटले आहे, आत कोणी आहे का, जवळ विहीर कोठे, असे तीन प्रश्न त्याने शांतपणे विचारले आणि बंब सोडला. तासाभराने बंब परत आला. एका पोराचा पंजा पोळला होता. पोर म्हणाले, “काही नाही हो, किरकोळ आहे.” याने त्याचा हात दिव्याखाली धरायला लावला, नीट पाहिला, आणि नोंदवही ओढून मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहू लागला. दहा ओळी झाल्या तरी त्याचे लिहिणे चाललेच होते.