मनाची नवी घडण आणि ईश्वरेच्छा



गणेशगुडी येथे काळी नदी अडविली गेली आहे. 101 मीटर उंचीच्या या सुपा धरणाचे काम 1987 मध्ये पुरे झाले, आणि काळी व पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले सुपा गाव जलाशयाच्या तळाशी गेले. तेथील लोकांनी रामनगर येथे नव्याने संसार मांडले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. ज्याचे अंगण, विहीर आणि तुळशीवृंदावन एकाच पाण्याखाली गेले, त्यास कोणी ‘ही ईश्वराचीच इच्छा’ असे सांगितले, तर ते बोलणे धर्माचे होय काय? या प्रश्नास बगल देऊन ईश्वरेच्छेविषयी बोलणे निदान या परिसरात तरी शोभणार नाही.

धरण बांधण्याचा निर्णय मनुष्यांनी घेतला. विजेची निकड खरी होती, आणि गाव सोडणाऱ्यांचे दुःखही तितकेच खरे होते. परंतु मनुष्याचा निर्णय ईश्वराच्या नावावर मांडून मोकळे होणे ही वाणीची सोय आहे, भक्ती नव्हे. स्वतःच्या दुःखात मनुष्य हा शब्द नम्रतेने उच्चारू शकतो. दुसऱ्याच्या दुःखावर तो झाकणासारखा ठेवता येत नाही. हा विवेक ज्या मनास उरला नाही, ते मन नित्य पूजाअर्चेत गुंतलेले असले तरी जुनेच राहिले, असे म्हणावे लागते.

मग मन नवे होते ते कशाने? समर्थ रामदासांनी या प्रश्नाकडे जितक्या आस्थेने पाहिले, तितक्या आस्थेने फार थोड्यांनी पाहिले असेल. 1608 मध्ये जांब येथे जन्मलेल्या या पुरुषाने नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे तप केले, पुढे बारा वर्षे देश पायांखाली घातला, आणि नंतर कृष्णाकाठी येऊन लोकांत काम आरंभिले. त्यांच्या मनाच्या श्लोकांची संख्या 205. त्यांत मनास वैरी समजून दंडा उगारलेला नाही. मनाला ‘सज्जन’ म्हणून हाक मारली आहे, आणि मग समजाविले आहे, क्वचित दटाविलेही आहे. वडीलधाऱ्या माणसाने घरातल्या हट्टी मुलास जवळ बसवून बोलावे, तसा तो सूर आहे. ज्याला सज्जन म्हणून हाक येते, त्यास त्या नावाला जागावेसे वाटते. मनाच्या सुधारणेचे मर्म बहुधा येथेच आहे.

हे समजाविणे एकदा करून भागत नाही. भुई एकदा सारवली म्हणून वर्षाची निश्चिंती होत नाही. पायांची धूळ रोज येते, सारवणही वरचेवर करावे लागते. मनावर बसणारी धूळ तर डोळ्यांस दिसतही नाही. कालचा अपमान, शेजाऱ्याच्या सुखाची सल, आपणच बरोबर असल्याची खात्री, हे सारे रात्रीतून साचते.

या श्लोकांविषयी रामदासी परंपरेत एक कथा सांगतात. चाफळच्या रामनवमीच्या उत्सवास सामग्री कमी पडली, तेव्हा समर्थांनी एका रात्रीत हे श्लोक कल्याणस्वामींना सांगितले, आणि शिष्य ते म्हणत दारोदार भिक्षेस गेले. कथेची ऐतिहासिक छाननी अभ्यासकांनी करावी. तिच्यातला अर्थ मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. उत्सव रामाचा, तरी त्याचे धान्य आकाशातून पडले नाही. झोळी घेऊन परक्याच्या उंबऱ्यापाशी उभे राहावे लागले, आणि तेथे उभे राहताना अभिमान थोडा तरी गळावा लागला. ईश्वरावर भार घालणे म्हणजे हात बांधून बसणे, असा अर्थ समर्थांनी कधीच मान्य केला नाही. दासबोधात भक्तीइतकाच प्रयत्नाचाही गौरव आहे. आपण करावयाचे ते करून त्याच्या फळाचा हट्ट सोडणे, हा ईश्वरेच्छेचा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ दिसतो. यातले पहिले सोडून दुसरेच धरणाऱ्यांची संख्या मात्र सर्वकाळ मोठी असते!

हा विचार महाराष्ट्रापुरता राहिला नाही. 1908 मध्ये लाड चिंचोळी येथे जन्मलेले श्रीधरस्वामी तरुणपणी सज्जनगडावर समर्थसेवेस गेले, आणि पुढे कन्नड मुलखात येऊन राहिले. 1942 मध्ये याच उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिगेहळ्ळी येथे, त्यांनी संन्यास घेतला. सागरजवळील वरदपूर येथे 1973 मध्ये त्यांनी देह ठेवला. भाषा बदलली म्हणून मनाचे रोग बदलत नाहीत. कन्नड बोलणारा लोभ आणि मराठी बोलणारा लोभ एकमेकांस चटकन ओळखतात. म्हणून औषधही दोन्ही भाषांतून द्यावे लागले.

रोज पहाटे एकच श्लोक म्हणून त्यावर क्षणभर थांबावे, असा नेम धरला तर 205 श्लोकांस सात महिन्यांस थोडे कमी लागतात. दासनवमीस, म्हणजे माघ वद्य नवमीस, आरंभ केला तर भाद्रपदाच्या सुमारास आवर्तन पुरे होते. तेव्हा पावसाळा सरत आलेला असतो, जलाशय भरत आलेला असतो. मग पुन्हा पहिल्या श्लोकापासून.